परवलीचा आकडा



घराला अलार्म बसवतात, त्या अलार्मच्या आकड्याविषयी आज बोलणार आहे. विषय ऐकून काही जण म्हणतील, "गुरुजी, हा मुंबई-पुण्याच्या बंगलेवाल्यांचा विषय. आपल्याला त्याचं काय?" काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. पण आता सटाण्याहून नामपूरकडे किंवा ताहाराबादकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहा. द्राक्षे, डाळिंब आणि कांदा यांच्या पैशावर उभी राहिलेली घरे गावात नाहीत, मळ्यात आहेत. शेजाऱ्याला हाक मारावी तर ती पोचत नाही. कांद्याच्या दिवसांत घरात चार पैसे असतात, आणि लग्नसराईत तर सारे घरच कुलूप लावून बाहेर. तेव्हा कोणी कॅमेरा लावला, कोणी भोंगा बसवला. आमच्याही मळ्यातल्या घरी तीन वर्षांपूर्वी भोंगा आला.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दाराच्या चौकटीला एक लहान डबी असते आणि दाराला चुंबक. दार उघडले, चुंबक दूर गेले, की डबीला कळते. खोलीच्या कोपऱ्यात एक डोळा असतो. माणूस चालला की त्याच्या अंगाच्या उष्णतेची हालचाल तो टिपतो. या सगळ्यांच्या तारा एका पेटीत जातात. पेटीत लहान बॅटरी असते, म्हणजे लाइट गेली तरी काम चालू राहते. आणि दाराच्या आत, भिंतीवर, बटणांची पाटी असते. बाहेर जाताना आपण आपला आकडा दाबून यंत्र चालू करतो. परत आलो, दार उघडले, की पाटी टीं टीं करू लागते. साधारण तीस-चाळीस सेकंदांची सवलत असते. तेवढ्यात आकडा दाबला तर यंत्र शांत. नाही दाबला तर भोंगा असा ओरडतो की गोठ्यातली जनावरे दावे तोडू पाहतात.

म्हणजे साऱ्या यंत्राचा जीव त्या आकड्यात. जुन्या काळी किल्ल्यावर रात्री येणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. आमच्या तालुक्यात साल्हेर आहे, मुल्हेर आहे. तिथल्या दरवाजांतून गेले की हे सहज मनात येते. परवलीचा शब्द कायमचा ठेवून चालत नसे. तो बदलावा लागे, कारण काल ज्याला तो सांगितला तो माणूस आज कोणाकडे असेल याचा नेम नसे. ही गोष्ट मी मुलांना वर्गात कितीदा सांगितली असेल! स्वतःच्या घरी मात्र विसरलो. ती हकिकत आधी सांगतो. ती मला भूषणावह नाही, पण ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे कोरडे होईल.

भोंगा बसवणाऱ्याने विचारले, "गुरुजी, आकडा कोणता ठेवू?" अंगणात ट्रॅक्टर उभा होता. मी म्हटले, "ट्रॅक्टरचा नंबर ठेव. सगळ्यांच्या ध्यानात राहील." झाले. तोच आकडा मला, तोच आमच्या सौभाग्यवतींना, तोच मुलाला आणि सुनेला, आणि तोच आमच्या सालदाराला. सालदाराला देणे भागच होते. थ्री-फेज लाइट कधी दुपारी, कधी रात्री दोनला. स्टार्टरच्या खोलीची किल्ली घरात. आम्ही नसताना त्याने घरात कसे जावे? आठ वर्षे तो आमच्याकडे होता. मी पाचहीजणांना एकच आकडा दिला आणि मनात म्हटले, बघा, आपण भेदभाव करीत नाही.

घरात सहावे माणूस म्हणजे माझी आत्या. वय ऐंशीच्या घरात. तिला कोणी आकडा दिला नव्हता. "तिला काय जमणार ते?" असे आम्ही सर्वांनी धरूनच चाललो होतो.

मार्गशीर्षात सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. मागच्या वेळी यात्रेच्या पहिल्याच दिवशी आम्ही सगळे रथ पाहायला गेलो. आत्या सकाळीच शेजारच्या मळ्यातल्या मुलाबरोबर मोटरसायकलवर पुढे गेली होती. तिथून ती नामपूरला लेकीकडे चार दिवस जाणार होती. घरात कपाटात अठरा हजार रुपये होते. उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती, तिच्या मजुरीसाठी बँकेतून काढून आणलेले. रात्री परत आलो, कपाट उघडले, तर पैसे नाहीत. दाराचे कुलूप जसेच्या तसे. कडीकोयंड्याला ओरखडा नाही. भोंगा वाजलेला नाही.

मुलाने यंत्राची नोंद काढली. या यंत्रांना एक चांगली सवय असते: कोणत्या वेळी कोणत्या आकड्याने आपल्याला बंद केले आणि कोणत्या आकड्याने चालू केले, हे ती लिहून ठेवतात. नोंदीत होते की दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी यंत्र बंद केले, सहा मिनिटांनी पुन्हा चालू केले. आणि चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा बंद. मग पाच वाजायला दहा कमी असताना चालू. दोन्ही वेळा 'वापरणारा क्रमांक एक'. अर्थात! क्रमांक एकच होता आमच्याकडे.

मी सालदाराला बोलावले. तो म्हणाला, "मी दोनच्या सुमारास आलो होतो, लाइट आली म्हणून. किल्ली घेतली आणि गेलो. पुन्हा आलो नाही." मी म्हटले, "मग चार वाजता कोण आलं? आम्ही सगळे तर यात्रेत." शेजारचे दोघेतिघे जमले होते. त्यांच्यासमोर मी म्हटले, "खरं सांग." श्रोतेहो, एवढे दोनच शब्द. शिवी नाही, हात उगारला नाही. तो काही वेळ उभा राहिला. मग कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली आणि बायकोमुलांना घेऊन त्याच रात्री आपल्या गावी गेला.

चौथ्या दिवशी आत्या आली. सूनबाई दळणासाठी गहू काढू लागली, तशी आत्या म्हणाली, "अगं, वरचं गाठोडं आधी काढून घे, त्यात पैसे आहेत." झाले होते असे: यात्रेत पायाला ठेच लागली म्हणून आत्या नामपूरला जाण्याआधी, त्याच मुलाबरोबर, हळद लावायला घरी आली. कुलपाची एक किल्ली तिच्या बटव्यात असतेच. कपाट उघडे राहिलेले दिसले. एवढी रक्कम उघड्यावर नको म्हणून तिने ती फडक्यात बांधून गव्हाच्या कोठीत ठेवली. थोडी आडवी झाली, आणि मग गेली. सांगायचे राहिले. आणि भोंगा? तो तिने कसा बंद केला? तिला तर इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. म्हणाली, "त्यात काय आहे? नातू रोज दाबतो. मधलं, मग खालचं, मग कोपऱ्यातलं दोनदा. मी रोज बघते ना!"

मी विचारले, "आम्ही पैसे शोधत होतो, तुला फोनवर विचारलं का नाही कोणी?" खरे तर हा प्रश्न मी तिला नव्हे, स्वतःलाच विचारायला हवा होता. विचारले नाही, कारण तिला यंत्र जमत असेल असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. सालदारावर आळ घेतला हे ऐकल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. तिच्या बागलाणी बोलीत मला एवढेच म्हणाली, "मी काय चोर शे का रे? आन् तो तरी शे का?"

मी सालदाराच्या गावी गेलो. त्याने ओसरीवर घोंगडी टाकली, चहा केला, पोरांना पाया पडायला लावले. माझे सारे ऐकून घेतले. म्हणाला, "नाही गुरुजी, आता आखाजीपर्यंत रोजंदारीच करतो." मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही हेच. आता बाजारात भेटतो, राम राम करतो.

तेव्हापासून मी या आकड्यांच्या मागे लागलो. पुस्तक वाचले, दोन-चार बसवणाऱ्यांना गाठून त्रास दिला. आणि कळले ते असे की हे यंत्र पहिल्या दिवसापासून आमच्या घरातल्या प्रत्येकाला वेगळा आकडा द्यायला तयार होते. साध्यात साध्या यंत्रातही आठ-दहा जणांची सोय असते, बऱ्याच यंत्रांत तीस-चाळीसांची. आम्हीच ती वापरली नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा असता तर नोंदीत दोन वाजता 'क्रमांक पाच' आणि चार वाजता 'क्रमांक सहा' असे आले असते, आणि दहा मिनिटांत नामपूरला फोन गेला असता.

पुष्कळांना वाटते, घरच्या गड्याला वेगळा आकडा देणे म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणे. माझाही तोच समज होता. पण थोडे उलटे पाहा. सर्वांचा आकडा एक असला की संशयाच्या वेळी बोट कोणाकडे जाते? मालकाच्या मुलाकडे जात नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्याच्याकडे जाते. त्याचा आकडा वेगळा असेल तर ती नोंद त्याची साक्षीदार होते. "मी दोनला आलो, चारला नाही" हे त्याने सांगण्याची गरजच उरत नाही.

ही रीत काही आजची नाही. इंग्रज अमदानीत सरकारी खजिन्याला दुहेरी कुलूप असे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नसे. आजही बँकांच्या तिजोऱ्या दोघांच्या किल्ल्यांनी उघडतात. त्यात चोरीला आळा असतो, तसाच एकट्यावर आळ येऊ नये हाही फायदा असतो. आमच्या सटाण्याला तर खजिन्याची गोष्ट लहान मूलही सांगते. यशवंत महादेव भोसेकर हे इथे मामलेदार असताना १८७०-७१ चा दुष्काळ पडला. त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना धान्यपाणी पुरवले; ती रक्कम सव्वा लाखाच्या वर होती असे सांगतात. पुढे तपासणी आली तेव्हा खजिना भरलेला निघाला, अशी लोकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला त्यात नेहमी वाटत आले आहे ते असे की त्यांनी खजिना उघडला तो उघडपणे, स्वतःच्या नावावर. "कोणी उघडला?" हा प्रश्न कारकुनावर किंवा पहारेकऱ्यावर ढकलायला जागाच ठेवली नाही. म्हणून त्यांच्या नावाने आरम नदीकाठी देऊळ उभे आहे.

असो. आता यंत्राकडे येऊ.

यंत्रात एक मुख्य आकडा असतो, त्याला मास्टर कोड म्हणतात. या आकड्याने दुसऱ्यांचे आकडे घालता येतात, बदलता येतात, काढून टाकता येतात. घरातल्या एकाने, फार तर दोघांनी, तो जवळ ठेवावा, आणि रोजच्या जाण्यायेण्याला तो वापरू नये. मीसुद्धा रोजच्यासाठी वेगळा आकडा ठेवला आहे. रोज दाबलेला आकडा मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसतो. माझ्या आत्याला दिसला तसा. बाकीच्यांचे आकडे क्रमाने घालावेत आणि कोणता क्रमांक कोणाचा हे एका वहीत लिहावे. वहीत माणसाचे नाव आणि क्रमांक लिहायचा. आकडा लिहायचा नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या. 'क्रमांक पाच, सालदार' एवढेच. त्याचा आकडा त्याच्याजवळ.

मास्टर कोड मात्र कुठे तरी लिहून ठेवावाच लागतो, कारण तो विसरला तर बसवणाऱ्याला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुष्कळदा सारे पुसून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पण तो देवघरातल्या तसबिरीमागे नको, कॅलेंडरवर नको, आणि पाटीच्या झाकणाच्या आत तर मुळीच नको. मी दोन घरी झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली पाहिली आहे! बंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, किंवा लग्न झालेल्या लेकीकडे ठेवा.

आणखी एक आकडा असतो, तो आपल्याला कोणी सांगत नाही. तो बसवणाऱ्याचा. त्याने यंत्राच्या आतल्या जोडण्या बदलता येतात. कारखान्यातून यंत्र येते तेव्हा मालकाचा आणि बसवणाऱ्याचा, दोन्ही आकडे ठरावीक असतात, आणि ते पुस्तिकेत छापलेले असतात. ती पुस्तिका कोणालाही मिळते. तेव्हा काम पुरे झाले, पैसे द्यायची वेळ आली, की नम्रपणे विचारावे, "भाऊ, कारखान्याचे आकडे बदललेत ना? माझ्यासमोर जुना दाबून दाखवा." जुन्या आकड्याने यंत्र उघडले नाही, म्हणजे बदलला. आमच्या यंत्राचा बसवणाऱ्याचा आकडा दोन वर्षे कारखान्याचाच होता, हे मला नंतर कळले. त्या बिचाऱ्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते, विसरला होता.

आता आकडा निवडायचा कसा? चार आकडी आकडा घेतला तर शून्य शून्य शून्य शून्यपासून नऊ नऊ नऊ नऊपर्यंत बरोबर दहा हजार होतात. एकेक करून दाबायला पाच सेकंद धरले तर सगळे दाबायला जवळजवळ चौदा तास लागतील. शिवाय अनेक यंत्रे काही वेळा चुकल्यावर थोडा वेळ पाटीच बंद करतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने उघडणे कठीण. पण चोर सगळे आकडे दाबत नाही, माणसाच्या मनात येणारे आकडे दाबतो. २०१२ साली निक बेरी या अभ्यासकाने उघड झालेल्या सुमारे ३४ लाख चार आकडी गुप्त आकड्यांचा साठा तपासला. शंभरांत जवळजवळ अकरा जणांनी १२३४ हाच आकडा ठेवला होता! त्याच्या पाठोपाठ ११११ आणि ००००. सर्वांत आवडते वीस आकडे ज्याला पाठ आहेत त्याला चारांतल्या एकाहून अधिक कुलपे उघडता येतील, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडचे आवडते आकडे कोणते? ट्रॅक्टरचा नंबर, जो मागे-पुढे मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. मोबाइलचे शेवटचे चार आकडे, जे पंपाच्या खोलीवर लिहिलेले असतात. मुलाचे जन्मवर्ष. आणि सहा आकडी हवा असला की सटाण्याचा पिनकोड, ४२३३०१. हे सारे सोडून द्या.

चारच आकडे का, असे एका शिक्षकमित्राने मला विचारले. त्याची एक गंमत आहे. १९६७ साली लंडनजवळ एनफिल्ड इथे बँकेचे पैसे देणारे यंत्र बसले. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन. त्यांचा जन्म आपल्याकडचा, शिलाँगचा. त्यांना लष्करातला आपला सहा आकडी नंबर पाठ होता, म्हणून सहाच आकडे ठेवावेत असा त्यांचा बेत होता. स्वयंपाकघरात बसून पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, मला चारच ध्यानात राहतील. चार ठरले. तुमच्या यंत्रात सहाची सोय असेल आणि घरच्यांना झेपत असेल तर सहा घ्या. दहा हजारांचे दहा लाख होतात.

शिक्षक मंडळींना वर्गात घेण्याजोगे एक गणितही यात आहे. पाटीवर रोज तीच बटणे दाबली की ती झिजतात. आपल्या घरी तर हळदीचे, मातीचे बोट लागून पिवळीकाळी होतात. समजा चार बटणे मळलेली दिसली. चोराला आकडे कळले, क्रम कळला नाही. किती प्रकार? चोवीस. आता समजा तीनच बटणे मळलेली आहेत, म्हणजे एक आकडा दोनदा आला आहे. मुले चटकन म्हणतील, बटणे कमी तर प्रकारही कमी. प्रत्यक्षात मांडून पाहायला सांगा. छत्तीस येतात. चोवीस काय आणि छत्तीस काय, चोराला थोडेच आहेत. तेव्हा ओल्या फडक्याने पाटी अधूनमधून पुसावी आणि आकडे बदलीत जावे, हे बरे.

आकडा काढण्याविषयी मात्र आपण फार आळशी. आकडा घालतो तो कौतुकाने, काढायचे ध्यानात राहत नाही. रंगारी आला, त्याला चार दिवसांसाठी आकडा दिला; रंग वाळला, आकडा तसाच. आमच्या भागात सालदाराचे साल आखाजीला संपते. त्या दिवशी धान्य, पैसे, उचल यांचा हिशेब होतो, नवे साल ठरते. त्याच दिवशी आकड्यांचाही हिशेब करावा असे मी ठरवले आहे. जो गेला त्याचा आकडा त्याच्यासमोर काढावा. "तुझा आकडा आज बंद केला, उद्या काही झालं तर तुझ्यावर येणार नाही," असे सांगून काढावा. यात त्याचा मान जात नाही. गुपचूप काढला तर जातो.

शाळांनाही हेच लागू आहे. हल्ली जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही आले, संगणक आले, आणि सुट्टीत ते चोरीला गेल्याच्या बातम्याही आल्या. काही गावांनी वर्गणी काढून भोंगे बसवले. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना कपाटे मोजतात, किल्ल्या मोजतात, हजेरीपट मोजतात. मास्टर कोडचे नाव त्या यादीत नसते. जुन्या गुरुजींनी जाताना नव्यांच्या हाती तो द्यावा, नव्यांनी त्याच दिवशी बदलावा आणि दोघांनी तशी सही करावी. मे महिन्यात भोंगा वाजला आणि तो बंद करायचा आकडा बदलून गेलेल्या गुरुजींच्या डोक्यात, असा प्रसंग मी पाहिला आहे. गाव दोन तास कानात बोटे घालून बसले होते.

माझ्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बऱ्याच यंत्रांत 'दबावाचा आकडा' असतो. कोणी दारात चाकू दाखवून म्हणाला, "भोंगा बंद कर", तर हा वेगळा आकडा दाबायचा. भोंगा बंद होतो, समोरच्याला काही कळत नाही, पण यंत्र गुपचूप ठरवलेल्या फोनांवर संदेश धाडते. मळ्यात सासू-सुना दोघीच असतात अशा घरी हा आकडा घालून घ्यावाच. मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. संदेश कोणाच्या फोनवर जातो? आणि तो माणूस रात्री फोन उचलतो का? आमच्या यंत्रातले सिमकार्ड रिचार्ज न केल्यामुळे पाच महिने मुकेच होते. संदेश मिळणाऱ्याने स्वतः धावत येण्याआधी ११२ वर पोलिसांना कळवावे, हेही आधीच बोलून ठेवलेले बरे.

बॅटरीचे म्हणाल तर तीन-चार वर्षांनी ती बदलायची, यापलीकडे त्यात काही नाही. पण बॅटरी मेली आणि लाइट गेली की काही यंत्रांचे घड्याळ चुकते, आणि घड्याळ चुकले की नोंद खोटे बोलते. दुपारचे दोन पहाटेचे तीन होतात. तेव्हा महिन्यातून एकदा पाटीवरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. ज्या नोंदीवर माणसाची अब्रू अवलंबून आहे तिचे घड्याळ बरोबर हवे.

आत्यालाही आता तिचा आकडा आहे. इंग्रजी आकडे तिला अजून येत नाहीत, आणि आता शिकणार नाही म्हणते. सूनबाईने पाटीसारखेच चित्र कागदावर काढून तिला बटणांच्या जागा निवडायला सांगितल्या. तिने चार जागा निवडल्या, दोन दिवस गव्हाच्या पिठावर बोटाने गिरवल्या. कोणत्या, ते आम्हाला ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा भोंगा वाजला. तिसऱ्यांदा वाजला नाही.

या आखाजीला नवा सालदार आला. तरुण आहे, दहावीपर्यंत शिकलेला. मी त्याला पाटीपाशी नेले, मास्टर कोड दाबला, त्याचा क्रमांक घातला, आणि म्हटले, "आता तुझा आकडा तू घाल. चार आकडे, आणि तेच पुन्हा एकदा." तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगा की." मी म्हटले, "मला कळायला नको." आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे आठ वेळा टिकटिक झाली, मग एक लांब आवाज. "झालं," तो म्हणाला. मी वही काढली, क्रमांक सातसमोर त्याचे नाव लिहिले. तोवर लाइट आली होती. तो स्टार्टरची किल्ली घेऊन विहिरीकडे निघून गेला.